मथुरा रोडवरची पंगत

फरीदाबादला खास जेवायला म्हणून कुणी जात नाही. खवय्या दिल्लीकर जामा मशिदीच्या गल्ल्यांत शिरतो, खिसा गरम असलेला गुडगावच्या सायबर हबला जातो आणि मध्यरात्री भूक आठवलेली पोरं गाडी काढून मुरथलच्या पराठ्यांकडे सुटतात. फरीदाबादला माणसं येतात ती कारखान्यात, सरकारी कचेरीत, नाहीतर दिल्लीत न परवडणारा फ्लॅट इथे परवडतो म्हणून. मराठी माणूस तर बहुतेक वेळा बदलीचा कागद घेऊनच येतो. जलविद्युत कंपनी एनएचपीसीचं मुख्यालय इथे आहे, इंडियन ऑइलचं संशोधन केंद्र आहे, केंद्रीय भूजल मंडळ आहे आणि मथुरा रोडच्या दुतर्फा कारखाने आहेत. 2011 च्या जनगणनेतच या शहराने 14 लाखांचा आकडा ओलांडला होता. हरियाणातलं हे सर्वांत मोठं शहर बाहेर खाण्यात कुठेही मागे नाही. रविवारी संध्याकाळी सेक्टर 15 किंवा 16 च्या बाजारात गाडी लावायला जागा मिळत नाही. तरीही या शहराचा म्हणून एक पदार्थ सांगा म्हटलं तर इथे जन्मलेला माणूसही डोकं खाजवतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. फरीदाबादमध्ये एकाच पदार्थावर आयुष्य काढलेली दुकानं उत्तम आहेत, तीनशे पदार्थांची 'फॅमिली रेस्टॉरंट' एकमेकांची झेरॉक्स आहेत आणि आग्रा कालव्यापलीकडच्या नव्या वस्तीत जे चाललंय ते अजून खाण्यापेक्षा फोटोंसाठीच जास्त आहे. असं का झालं, हे समजायला शहर कसं वसलं ते थोडं बघावं लागतं.

जुनं फरीदाबाद 1607 सालचं. जहांगीरचा खजिनदार शेख फरीद याने दिल्ली-आग्रा रस्त्याच्या रक्षणासाठी ते वसवलं. आजच्या ताटाशी त्याचा फारसा संबंध नाही. आजचं शहर सुरू होतं 1949 पासून. फाळणीत वायव्य सरहद्द प्रांतातून, म्हणजे बन्नू, डेरा इस्माईल खान, कोहाट, पेशावर या भागांतून उठून आलेल्या हिंदू-शीख कुटुंबांसाठी 'न्यू इंडस्ट्रियल टाउनशिप' उभी राहिली. तीच एनआयटी. तिच्या भागांना नावं नाहीत, आकडे आहेत. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर, असं पाचपर्यंत. घरं, रस्ते, इस्पितळ उभारायला हीच माणसं राबली. इस्पितळाला त्यांनी आपल्या मुलखातल्या पुढाऱ्याचं, बादशाह खान यांचं नाव दिलं. 2020 मध्ये सरकारने ते बदलून अटलबिहारी वाजपेयींचं नाव दिलं, पण रिक्षावाल्याला आजही 'बीके चौक' म्हटल्याशिवाय तिथे पोचता येत नाही.

आता गंमत बघा. त्याच प्रांतातून, पेशावरहून आलेल्या कुंदनलाल गुजराल आणि त्यांच्या भागीदारांनी 1947 मध्ये दिल्लीत दर्यागंजला 'मोती महल' थाटलं. तंदुरी चिकन, बटर चिकन, दाल मखनी हे जे आज लंडनपासून लातूरपर्यंत 'पंजाबी जेवण' म्हणून खपतं, त्याचं उगमस्थान हे दुकान मानलं जातं. बटर चिकन नक्की कुणी शोधलं यावरून 2024 मध्ये 'मोती महल' आणि 'दर्यागंज' ही दोन रेस्टॉरंटं दिल्ली उच्च न्यायालयात भांडत होती. म्हणजे फरीदाबादच्या एनआयटीत राहायला आलेली माणसं त्या खाण्याची गाववालीच. पण तंदूर आणि टोमॅटो-लोण्याचा रस्सा बाजारात गेला आणि बाकीचं घरातच राहिलं. बन्नू आणि डेरा इस्माईल खानकडे रोट्या कुस्करून त्यावर कोंबडीचा पातळ रस्सा ओततात आणि एका परातीभोवती बसून सगळे खातात. त्याला पेंदा किंवा सोबत म्हणतात. सरायकी मुलखातली डोली की रोटी म्हणजे मडक्यात आंबवलेल्या पाण्यात कणीक भिजवून, आत चणाडाळीचं सारण भरून तळलेली, बडीशेपेचा वास येणारी जाड पुरी. हे दोन्ही पदार्थ एनआयटीतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी ऐकायला मिळतात. मेनूकार्डावर मला कधी दिसले नाहीत. ज्यांनी शहर उभं केलं त्यांचं खाणं शहराच्या हॉटेलात नाही. फरीदाबादच्या नावावर एखादा पदार्थ का नाही, त्याचं अर्धं उत्तर मला इथेच दिसतं.

उरलेलं अर्धं हरियाणवी खाण्यात आहे. बाजरीची खिचडी वर तूप सोडून, कढी, चूरमा, तूप-बूरा आणि वर ताकाचा मोठा पेला हे इथल्या जाट-गुज्जर गावांचं खरं जेवण. शहर गावांच्या शेतांवर पसरलं, पण गावची खिचडी टेबलावर आली नाही. ती भेटते फेब्रुवारीत, सूरजकुंडच्या मेळ्यात. 1987 पासून भरणाऱ्या या मेळ्यात हरियाणाचं 'अपना घर' हे दालन असतं आणि गोहान्याचे जलेब असतात. शुद्ध तुपातली ही जिलबी एकेक पाव किलोची! एक घेतली की चौघांचं भागतं, आणि तरी प्रत्येकाला वाटतं की आपल्याला कमी मिळाली.

मग एनआयटीच्या बाजारात काय उरलं? उरले छोले. सकाळी आठ-नऊला भटुऱ्यांचा घाणा सुरू होतो आणि दुपारी तीनच्या सुमाराला बहुतेक चांगल्या दुकानांची पातेली रिकामी होतात. संध्याकाळी छोले-भटुरे विकणारं दुकान दिसलं तर मी सहसा पुढे जातो. चांगला भटुरा कागदासारखा पातळ नसतो आणि रबरासारखा ओढावाही लागत नाही. मैद्यात थोडा रवा, दही, भरपूर विश्रांती, आणि इथे आवडीने घालतात ते कुस्करलेलं पनीर. कढईत पडला की झाऱ्याने त्याच्या डोक्यावर दोन-चार वेळा तेल उडवायचं, तो टम्म फुगतो, की लगेच बाहेर. छोले काळपट असतात, चहापत्तीच्या किंवा आवळ्याच्या पाण्याने. बरोबर बटाट्याची फोड, गाजर-मिरचीचं लोणचं, कांदा, हिरवी चटणी. बसायला जागा बहुधा नसतेच. उंच स्टीलच्या टेबलाभोवती उभं राहून खायचं, आणि मालक गल्ल्यावरूनच नजर टाकून विचारतो, "छोले और डालूं, भाईसाहब?" जास्तीचे छोले फुकट. आपल्याकडे मिसळीबरोबर जादा रस्सा मिळतो, तसंच.

कुलचेवाला त्याहून साधा, आणि मला विचाराल तर शहराचा खरा बल्लवाचार्य तोच. बाटा चौक, एस्कॉर्ट्स मुजेसर ही इथल्या मेट्रो स्थानकांची नावंच सांगतात की शहर कशावर उभं राहिलं. बाटाचा कारखाना, ट्रॅक्टर, जेसीबी, गुडइयरचे टायर. दुपारच्या सुट्टीत कारखान्यांच्या फाटकांबाहेर सायकलला किंवा गाड्याला बांधलेलं मोठं पितळी पातेलं तिरपं करून कुलचेवाला उभा असतो. पातेल्यात पांढरे वाटाणे मऊ शिजवलेले, गरम. पातेलं तिरपं का, तर वाटाणे एका बाजूला जमून राहतात आणि खालून सरळ डावाने काढता येतात. पानाच्या द्रोणात वाटाणे, त्यावर चिंचेचं पाणी, आल्याच्या काड्या, कांदा-टोमॅटो, मिरची, लिंबू. कुलचा तव्यावर मस्का लावून शेकलेला, हवा तर आत मसाला भरून. सगळा कारभार दीड मिनिटात. उरलेला अर्धा तास कामगार झाडाखाली बसून बोलतो. हे जेवण हलकं, गरम, तळणाशिवायचं आणि कामगाराच्या खिशाला झेपणारं आहे. याच्यापुढे एसी हॉटेलातला 'अमृतसरी कुलचा प्लॅटर' मला नेहमी उसना वाटत आलाय.

रस्त्यामुळे इथे ढाबे आले, ते वेगळं सांगायला नको. मथुरा रोड हा दिल्लीहून आग्र्याकडे जाणारा जुना रस्ता, तोच पुढे ग्वाल्हेर, झाशी, सागर करत नागपूरला पोचतो. पण या रस्त्यावर एक प्रयोग झाला तो महाराष्ट्रातल्या वाचकाला फारसा माहीत नसतो. बन्सीलाल 1968 ते 1975 मुख्यमंत्री असताना एस. के. मिश्रा या सनदी अधिकाऱ्याच्या पुढाकाराने हरियाणा सरकारने महामार्गांवर स्वतःची मोटेलं आणि उपाहारगृहं बांधली. दाखवायला मोठे किल्ले नाहीत, समुद्र नाही, थंड हवेचे डोंगर नाहीत. आहेत ते फक्त दिल्लीहून बाहेर जाणारे रस्ते, तर मग रस्त्यावरच प्रवाशाला थांबवू, असा तो रोकडा विचार होता. प्रत्येक ठिकाणाला पक्ष्याचं नाव. फरीदाबादेत 'मॅगपाय', सूरजकुंडला 'राजहंस', होडलला 'डबचिक'. त्या काळी स्वच्छ संडास, छापील मेनूकार्ड आणि बागेतलं टेबल हे मध्यमवर्गाला खाजगी ढाब्यावर मिळत नव्हतं, ते सरकारने दिलं.

त्यातला मुकुटमणी होता बडखल तलाव. 1947 मध्ये सिंचनासाठी बांधलेला, अरवलीच्या कुशीतला. दिल्लीकर कुटुंबं रविवारी तिथे होडीत बसायची आणि काठावरच्या सरकारी रेस्टॉरंटात पकोडे खायची. मग अरवलीत खाणी खोदल्या गेल्या, पाण्याच्या वाटा तुटल्या, भूजल खाली गेलं. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये खाणींवर बंदी आणली तोवर उशीर झाला होता. तलाव कोरडा पडला आणि काठावरची टेबलं गवताळ खड्ड्याकडे तोंड करून उभी राहिली. तलाव पुन्हा भरण्याची कामं स्मार्ट सिटी योजनेत निघाली. सरकारी उपाहारगृहांची कळा मात्र पाण्याआधीच गेली होती. खाजगी हॉटेलांनी तोवर तेच सगळं जास्त चटकन आणि जास्त चमचमीत देणं सुरू केलं होतं.

आता फॅमिली रेस्टॉरंट. सेक्टरांच्या बाजारांत, मॉलांच्या वरच्या मजल्यांवर, मेट्रोच्या खांबांसमोर ही शेकड्याने आहेत, आणि संध्याकाळी फरीदाबादकर 'बाहेर जेवायला' जातो म्हणजे बहुतेक इथेच जातो. मेनू कुठलाही उघडा. शाही पनीर, कडाई पनीर, पनीर लबाबदार, पनीर बटर मसाला, दाल मखनी, बटर चिकन, हक्का नूडल्स, चिली पनीर, व्हाइट सॉस पास्ता. इतके पदार्थ वीस मिनिटांत येतात कसे, याचं रहस्य स्वयंपाकघरात डोकावलं की उलगडतं. सकाळीच मोठाल्या पातेल्यांत तीन-चार ग्रेव्ह्या तयार करून ठेवलेल्या असतात. लाल मखनी ग्रेव्ही टोमॅटो, काजू आणि लोण्याची. पांढरी ग्रेव्ही उकडलेला कांदा, काजू आणि मगजबी यांची. आणि कांदा-टोमॅटोचा भाजका मसाला. ऑर्डर आली की कारीगर फ्रायपॅनमध्ये दोन डाव लाल, अर्धा डाव पांढरी टाकतो, पनीर लोटतो, कसुरी मेथी चुरडतो, वरून क्रीमची रेघ. ढोबळी मिरची आणि कुटलेले धणे पडले की तेच कडाई पनीर. पांढरी जास्त झाली की शाही. यात फसवणूक काही नाही, एवढा पसारा दुसऱ्या कुठल्या पद्धतीने चालणारही नाही. पण चार जणांनी चार भाज्या मागवायच्या आणि चौथ्या घासाला सगळ्या एकच लागायच्या, हा अनुभव त्यातूनच येतो. त्यामुळे अशा ठिकाणी दोनच गोष्टींवरून जागा पारखावी. ग्रेव्हीच्या बाहेरची एक, दाल मखनी, कारण तिला रात्रभर मंद आचेवर राहावंच लागतं, घाईत केलेली लगेच उघडी पडते. आणि दुसरी, तंदुरी रोटी.

रोटीचं दुखणं मात्र वेगळंच आहे, आणि ते हॉटेलवाल्याच्या हातात नाही. फरीदाबादची हवा हिवाळ्यात देशातल्या सर्वांत वाईट हवांमध्ये मोजली जाते. राजधानी परिसरासाठी प्रदूषणाच्या पातळीनुसार टप्प्याटप्प्याने लागू होणारे निर्बंध आहेत, त्यांच्या पहिल्याच टप्प्यात हॉटेल-ढाब्यांच्या तंदुरात कोळसा आणि लाकूड जाळायला मनाई आहे. शिवाय 1 जानेवारी 2023 पासून या परिसरात औष्णिक वीजकेंद्रं वगळता इंधन म्हणून कोळशावर बंदीच आली. तेव्हा आता गॅसचे आणि विजेचे तंदूर. रोटी भाजली जाते, फुगते, काळे ठिपकेही पडतात. पण कोळशावर कोंबडीची चरबी ठिबकून उठणारा धूर तिला मिळत नाही. काही उस्ताद वाटीत पेटता निखारा ठेवून तुपाचा धुंगार देतात, काही जण मसाल्यातच धुराचा वास मिसळतात. तोंडाला फरक कळतो. मला विचाराल तर मी धूर सोडून देईन, कारण नोव्हेंबरात फरीदाबादेत श्वास घेतलेला माणूस तंदुराच्या बाजूने उभा राहू शकत नाही. फक्त मेनूवर 'कोयला तंदूर' लिहू नये, इतकंच म्हणणं.

याच तंदुरावर शाकाहाऱ्यांसाठी एक नवलाई वाढली, तिच्याबद्दल बोललंच पाहिजे. सोया चाप. सोयाचं पीठ आणि मैदा मळून त्याच्या पट्ट्या लाटतात, आइसक्रीमच्या काडीभोवती गुंडाळतात आणि उकडतात. पुढे दही-मसाल्यात मुरवून तंदुरात. मलाई चाप, अफगाणी चाप, आचारी चाप, हवं ते नाव. शाकाहार इथे घट्ट आहे. गल्लीबोळांत 'शुद्ध वैष्णो ढाबा' अशी पाटी दिसेल, आणि मांस खाणारेही मंगळवारी खात नाहीत. अशा घरातल्या पोराला मित्रांबरोबर उभं राहून शिगेवरचं काहीतरी दातांनी ओढायचं असतं. चापने त्याची सोय केली. चव पाहायची तर चापला स्वतःची चव नाही, जी आहे ती मुरवणाची. तरी ताजी, बाहेरून कडक झालेली, वर लिंबू पिळलेली मलाई चाप मी आनंदाने खातो. दाट क्रीममध्ये बुडवून आणलेली परत पाठवावी.

मोमोजचंही थोडं तसंच. हिमालयातला वाफवलेला साधा पदार्थ इथे येऊन तंदुरात गेला, मग कॉर्नफ्लेक्समध्ये घोळून 'कुरकुरे' झाला, आता मलईत पोहतो. चायनीजचा कारीगर बहुतेकदा गढवाल-कुमाऊंचा किंवा नेपाळचा असतो. त्याला स्वतःला काय आवडतं विचारलं तर तो साधे, वाफवलेले सांगतो.

साखळी हॉटेलं मथुरा रोडवर भरपूर आहेत आणि मराठी कुटुंबं सुरुवातीचे सहा महिने त्यांच्याच आधाराने काढतात. 'सागर रत्न' हे त्यातलं पहिलं आसराघर. 1986 मध्ये दिल्लीच्या डिफेन्स कॉलनीत जयराम बानन या उडुपीकडच्या माणसाने ते सुरू केलं. आपल्या गल्लोगल्ली उडुपी असतात तसे इथे नाहीत, त्यामुळे इडली खायची तर अशा मोठ्या, थंडगार हॉलमध्ये जावं लागतं आणि दर पाहून पुण्या-मुंबईचा माणूस हळहळतो. दुसरं, हल्दीराम. नागपूरकराला वाटतं, चला, आपलंच दुकान. आपलं आहेही आणि नाहीही. बिकानेरमध्ये 1937 साली सुरू झालेल्या भुजियाच्या दुकानाच्या शाखा पुढे भावांत वाटल्या गेल्या, नागपूरची एक, दिल्लीची दुसरी. दोन्ही घरांचे पाकीटबंद पदार्थांचे धंदे एकत्र करायचं 2022 मध्ये ठरलं आणि 2025 पर्यंत ते एकत्र आलेही. रेस्टॉरंटं मात्र त्या विलीनीकरणाबाहेर राहिली. त्यामुळे नागपुरी हल्दीरामची संत्रा बर्फी समजून फरीदाबादेत काउंटरवर गेलात तर समोर राज कचोरी येईल. वाईट नाही, पण ती दुसऱ्या घरची. नवरात्रात मात्र या मोठ्या दुकानांत एक गोष्ट मराठी जिभेला भावते. उपासाच्या थाळीत कुट्टूच्या पुऱ्या, सामक म्हणजे वरीचा भात आणि सैंधव घातलेले बटाटे असतात, त्यांच्या शेजारी साबुदाण्याची खिचडी येऊन बसते. तिच्यात शेंगदाण्याचं कूट आपल्या हातासारखं नसतं, अख्खे दाणे असतात.

दारूचा विषय टाळून हरियाणातल्या हॉटेलांवर लिहिता येत नाही. ठेक्याला, म्हणजे दारूच्या दुकानाला लागून 'अहाता' असतो, म्हणजे तिथेच बसून पिण्याची परवानाधारी जागा. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, उकडलेली अंडी, चणे, तंदुरी चिकनची अर्धी प्लेट, आणि चार भिंतींत फक्त पुरुष. सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली, ती 1 एप्रिल 2017 पासून लागू झाली, तेव्हा मथुरा रोडवर बसलेल्या बारवाल्या रेस्टॉरंटांची पंचाईत झाली. काही महिन्यांत न्यायालयाने पालिका हद्दीपुरती सूट दिली. पुढे 2021 च्या शेवटी हरियाणाने पिण्याचं वय 25 वरून 21 वर आणणारा कायदा केला. दिल्लीत ते अजून 25 च. सीमा बदरपूरला आहे, आणि बावीस वर्षांच्या पोरांना ती कुठे आहे ते चांगलंच माहीत असतं. या सगळ्याच्या बाहेर 'कार-ओ-बार' आहेच. गाडी बाजारात लावायची, बॉनेटवर चापची प्लेट, आत ग्लास. बेकायदा आहे, बायका-मुलांना त्या रांगेतून चालताना नकोसं होतं, आणि पोलिसांची गाडी येईपर्यंत चालूच राहतं. कुटुंबांनी मोठ्या एसी रेस्टॉरंटांचा आसरा घेण्यामागे चवीइतकंच हेही कारण आहे, ते टीकाकार विसरतात. ग्रेव्ही एकसारखी असली तरी तिथे मुलीला घेऊन निवांत बसता येतं.

आग्रा कालवा ओलांडला की 'नहरपार', ग्रेटर फरीदाबाद. वीस-पंचवीस मजली इमारती, आणि सेक्टर 79 मध्ये ओमॅक्सची 'वर्ल्ड स्ट्रीट', जिथल्या गल्ल्या युरोप-अमेरिकेतल्या शहरांच्या थाटात रंगवल्या आहेत. गच्चीवरचे कॅफे, झुंबरासारखे दिवे, गिटारवाला पोरगा. संध्याकाळी गर्दी तुफान असते, आणि ती मला खोटी वाटत नाही. या वस्तीतल्या तरुण जोडप्यांना दिल्ली लांब पडते, घर लहान असतं, आणि बसायला मोकळी जागा हवी असते. त्यासाठी ते कॉफीचे दर देतात. तक्रार आहे ती टेबलावर येणाऱ्या गोष्टीची. गुडगावच्या मेनूची नक्कल, एक पातळी कमी साहित्यात. पास्ता गिजगा, बर्गर उंच आणि कोरडा, आणि सगळ्यावर मेयोनीज. बरेच कॅफे हुक्क्यावर चालत होते. फेब्रुवारी 2024 मध्ये हरियाणा विधानसभेने हुक्का बारवर बंदीचं विधेयक मंजूर केलं, गावातल्या पारंपरिक हुक्क्याला वगळून. म्हणजे चौपालावरच्या आजोबांना मुभा, कॅफेतल्या नातवाला मनाई. हुक्का गेल्यावर स्वयंपाकघर सुधारेल अशी आशा करायला हरकत नाही.

घरपोच मागवण्याचा धंदा इथे जोरात आहे, पण त्यात फरीदाबादचं वेगळं असं काही नाही. झोमॅटोचं मुख्यालय शेजारी गुडगावला. सवलतींच्या अतिरेकाविरुद्ध ऑगस्ट 2019 मध्ये रेस्टॉरंटवाल्यांनी 'लॉगआउट' आंदोलन पुकारलं, तेही गुडगावहूनच. भटुरा आणि कुलचा डब्यात बंद होऊन वीस मिनिटांत मरतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

बिल मात्र नीट वाचावं. रेस्टॉरंटच्या जेवणावर 5 टक्के जीएसटी लागतो, तो द्यावाच लागतो. त्याखाली कधी 'सर्व्हिस चार्ज' म्हणून 10 टक्के लिहिलेले असतात, ते सक्तीचे नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये तसं सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 ला त्यावर शिक्कामोर्तब केलं. एका एसी हॉटेलात मी हे म्हटलं तर मॅनेजर हसून म्हणाला, "सर जी, स्टाफ के लिए है।" स्टाफला हातात रोख दिली. बिलातून ते दहा टक्के काढायला त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत.

मराठी जेवण हवं असेल तर? फरीदाबादेत त्यासाठी फारशी शोधाशोध करू नका. 6 सप्टेंबर 2015 ला मेट्रोची व्हायोलेट लाइन बदरपूर ओलांडून एस्कॉर्ट्स मुजेसरपर्यंत आली, 2018 च्या नोव्हेंबरात बल्लभगडपर्यंत. तीच गाडी न बदलता मंडी हाउसला किंवा जनपथला नेते, आणि तिथून कस्तुरबा गांधी मार्गावरचं नवं महाराष्ट्र सदन जवळ आहे. तिथल्या उपाहारगृहात झुणका-भाकर, कोल्हापुरी रस्सा, साबुदाणा वडा मिळतो. चव दिवसागणिक बदलते, पण भाकरी भाकरीच असते. 2019 मध्ये महाराष्ट्र सूरजकुंड मेळ्याचं मुख्य राज्य होतं, तेव्हा फरीदाबादच्या मराठी घरांना ही यात्रा करावी लागली नव्हती. आपलं खाणं पंधरा दिवस अरवलीच्या पायथ्याशीच आलं होतं.

तेव्हा फरीदाबादला कामानिमित्त जाणार असाल तर माझा सल्ला असा. सकाळी नाश्ता न करता निघा आणि दहाच्या आत एनआयटीतल्या एक नंबर किंवा पाच नंबरच्या बाजारात छोले-भटुरे खा, ज्या दुकानासमोर माणसं उभी राहून खाताहेत तिथेच. दुपारी कारखान्याच्या फाटकाबाहेर कुलचे. रात्री कुटुंब बरोबर असेल तर सेक्टर 15-16 कडच्या कुठल्याही बऱ्या फॅमिली रेस्टॉरंटात एकच भाजी, दाल मखनी आणि तंदुरी रोट्या मागवा, चार भाज्या नकोत. नहरपारला कॉफी प्या, जेवू नका. आणि मांसाहारी असाल तर मंगळवार टाळा. त्या दिवशी तंदुरावर चापच जास्त असते.